वाफसा येईपर्यंत

हे मनन सकाळी करायचं आहे, ऊन अंगणात उतरायच्या आत. घरामागे हातभर जागा असेल तर तिथे, नसेल तर गच्चीतल्या एखाद्या कुंडीपाशी पाट टाकून किंवा बादली पालथी घालून बसा. मोबाईल आत राहू द्या. खुरपंही आज नको. आज आपण काही लावणार नाही, काही उपटणार नाही. नुसतं मातीजवळ बसणार आहोत.

मध्ये मध्ये मी थांबायला सांगेन. तिथे खरंच थांबा. घाई असेल तर हे पान उद्यासाठी ठेवून द्या. माती कुठे जात नाही.

मी नांदेडात राहते. माहेर लातूरकडचं, औसा तालुक्यातलं. दोन्हीकडची माती काळी आणि दोन्हीकडे पाण्याची चिंता सारखीच. माझा वाफा चार फूट लांब, चार फूट रुंद. दोन्ही बाजूंनी हात घातला की मधोमध पोचतो, त्यामुळे वाफ्यात पाय कधी पडत नाही आणि माती दबत नाही. हत्यारं म्हणाल तर एक खुरपं, एक घमेलं आणि एक तांब्या. एक कुदळही होती. ती मी पहिल्या वर्षीच देऊन टाकली. का दिली, ते सांगते.

मूठ

आता हात पुढे करा. चार बोटं खालची माती मूठभर उचला. अगदी वरची नको. ती वाऱ्याने सुकलेली असते, तिच्यावरून खालचं कळत नाही. मूठ आवळा. पाच श्वास होईपर्यंत धरून ठेवा. मग उघडा, आणि झालेला गोळा गुडघ्याएवढ्या उंचीवरून खाली सोडा.

गोळा पडूनही तसाच राहिला, बोटांना चिकटा लागला, तर माती अजून ओली आहे. गोळा झालाच नाही, बोटांतून भुगा गळला, तर ती कोरडी पडली आहे. गोळा झाला आणि पडताक्षणी फुटून मोकळा झाला, तर वाफसा आहे.

वाफसा. पेरणीच्या दिवसांत आमच्याकडे रामराम झाला की दुसरा शब्द हाच असतो. वाफशाच्या मातीत कणाकणाला ओलीचा पातळ थर धरून असतो आणि कणांमधल्या फटींत हवा खेळत असते. मुळाला दोन्ही लागतं, प्यायला ओल आणि श्वासाला हवा. पाणी फार झालं की हवेची जागा जाते आणि मुळं गुदमरतात. ओल सरली की ती होरपळतात. मूठ उघडल्यावर फुटणारा तो गोळा म्हणजे मातीने दिलेला होकार.

लग्न होऊन या घरात आले त्या पावसाळ्यात मला एवढं कुठलं कळायला! मृगाचा पाऊस रात्रभर पडला होता. सकाळी मी पदर खोचला, कुदळ घेतली आणि परस उकरायला लागले. कुदळीला चिखलाचे लपके येत होते, ढेकळं साबणाच्या वडीसारखी कापली जात होती, आणि मला वाटत होतं, केवढं काम उरकलं! चार दिवस उघडीप मिळाली आणि त्या ढेकळांच्या विटा झाल्या. त्यांच्या सांदीत लावलेल्या बारा भेंड्यांपैकी दोन उगवल्या.

सासूबाई, आमच्याकडे आत्याबाई म्हणतात, जोत्यावर बसून सगळं बघत होत्या. "कशाला उकरालीस माय? वाफसा तर येऊ दे," एवढंच म्हणाल्या. मला तो टोमणा वाटला. त्यांनी मला शेतीतली सगळ्यात मोठी गोष्ट सांगून टाकली होती, हे समजायला वर्ष गेलं.

इथे थांबा. तळहाताला लागलेली माती झटकू नका. आपण कुठे कुठे ओल्या रानात कुदळ घातली, ते आठवा. लेकरू शाळेतून दमून आलं आणि उंबऱ्यातच त्याला मार्क विचारले. भांडण ताजं असताना समजूत घालायला गेलो. काम चुकीचं नव्हतं. फक्त वाफसा नव्हता.

भेग

आता एप्रिल-मे आठवा. काळ्या रानाला पडलेल्या भेगा आठवा. कोपरापर्यंत हात जाईल एवढ्या त्या खोल असायच्या. लहानपणी गोटी भेगेत पडली की ती गेलीच; काडी घालून काढू पाहिली तर आणखी खाली जायची. मोठी माणसं म्हणायची, रान तहानलंय. आम्हाला वाटायचं, जमिनीला काही दुखतंय.

त्या भेगेत काय चाललेलं असतं, ते हळूहळू डोळ्यांपुढे आणा.

सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी इथे लाव्हारसाचे थरावर थर पसरले आणि थंड होऊन त्यांचा काळा पाषाण झाला. तो ऊन-पावसात झिजला आणि त्याची ही माती झाली. हिच्यातली चिकणमाती पाणी प्यायली की फुगते, वाळली की आकसते. उन्हाळ्यात आकसून भेगा पडतात. वाऱ्याने वरची भुसभुशीत माती, पाला, शेणाचा चुरा त्या भेगांत पडत राहतो. पाऊस आला की माती फुगते, भेगा मिटतात, आत पडलेलं आतच राहतं आणि त्याच्या दाबाने खालची माती वर सरकते. वरचं खाली, खालचं वर. मातीचे अभ्यासक हिला स्वतःला नांगरणारी माती म्हणतात.

हे मला पहिल्यांदा कळलं त्या दिवशी मी परसात उभी राहून कितीतरी वेळ त्या भेगांकडे बघत होते. जे काम ही माती कुणी न सांगता दर वर्षी करत होती, तेच करायला मी कुदळ घेऊन निघाले होते. कुदळ मग गावाकडे दिली. विहिरीच्या कामाला तिचा उपयोग झाला.

शंभर एकरांची शेती अशी होते, असं माझं म्हणणं नाही. चार फुटांच्या वाफ्यापुरतं बोलते. एवढ्या जागेला नांगर लागत नाही, खणणं लागत नाही. लावायच्या जागी खुरप्याने बोटभर उकरलं की झालं.

गच्चीतल्या कुंडीत मात्र ही माती एकटी ठेवू नका. ती आकसली की कुंडीच्या कडेपासून सुटते आणि घातलेलं पाणी कडेकडेने खाली निघून जातं. झाड कोरडंच राहतं. एक भाग काळी माती, एक भाग चांगलं कुजलेलं शेणखत, एक भाग वाळका पाला किंवा भुसा. एवढं मिसळलं की कुंडीतही वाफसा टिकतो.

पुन्हा एकदा थांबा. डोळे मिटा. तुम्ही काहीही करत नसताना तुमच्या पायाखाली काम चालू आहे. त्या कामाला तुमची गरज नाही, हे थोडा वेळ मनात राहू द्या. मला सुरुवातीला त्याने थोडं वाईट वाटलं होतं. नंतर खांद्यावरचं ओझं उतरल्यासारखं झालं.

झाकण

आपल्या घरांत उघडं काय ठेवतात? दह्यावर ताटली असते. मळलेल्या कणकेवर ओलं फडकं असतं. दुरडीतल्या भाकरी धडप्यात गुंडाळलेल्या असतात. ज्यात जीव आहे, ज्यात ओल आहे, ते आपण झाकतो. आणि ज्या मातीतून हे सगळं आलं, ती बिचारी बेचाळीस अंशांच्या उन्हात उघडी पडलेली असते.

माझ्या बागेतलं खरं काम एकच, माती झाकणं. बाकीची कामं त्यातून आपोआप कमी होतात. झाकलेल्या मातीतली ओल लवकर उडत नाही, म्हणून पाणी कमी लागतं. उजेड पोचत नाही, म्हणून तण कमी उगवतं, म्हणून खुरपणी कमी. आच्छादन खालून कुजत जातं, म्हणून खत वेगळं फारसं घालावं लागत नाही. आणि पावसाचा थेंब थेट मातीवर आपटत नाही, म्हणून वर पापडी धरत नाही.

झाकायला विकत काही आणायचं नाही. लातूरकडे सोयाबीनची रास झाली की गुळीचे, म्हणजे भुशाचे, ढीग लागतात. उसाचं पाचट आहे. पुष्कळ ठिकाणी ते पेटवून देतात. आमच्या नांदेडजवळ अर्धापूरकडे केळीच्या बागा आहेत, तिथे वाळकी पानं हवी तेवढी मिळतात. शहरात असाल तर फाल्गुन-चैत्रात गल्लीतल्या कडुलिंबाखाली सकाळी झाडून ढीग करतात आणि काडी लावतात, तो ढीग मागून घ्या. कुणी नाही म्हणत नाही.

नवीन वाफा करायचा असेल तर गवत उपटतही बसू नका. ते विळ्याने कापून तिथेच पडू द्या. वर जुनं गोणपाट किंवा जाड पुठ्ठा भिजवून अंथरा, त्यावर दोन बोटं कुजलेलं शेणखत, त्यावर चार बोटं गुळी किंवा पाला. पाऊस पडून सगळं मुरलं की गोणपाटाला जागोजाग भोकं पाडून त्यात बी टोका. खालचं गवत अंधारात कुजतं आणि त्याचंच खत होतं.

आता आच्छादनाचा एक कोपरा उचला. लगेच खाली ठेवू नका. आधी वास घ्या. पहिल्या पावसाचा जो वास आपण वर्षभर आठवतो, त्याच जातीचा हा वास, फक्त मंद. हात आत सरकवा. मे महिन्यातसुद्धा तिथे रांजणाच्या बुडाला हात लावावा तसा गारवा असतो. गांडूळ दिसलं तर बघत राहा. त्याला उजेड सोसत नाही. पुढचं टोक लांबवतं, मग मागचं अंग ओढून घेतं आणि एका क्षणात मातीत शिरतं. चार्ल्स डार्विनने 1881 साली, मृत्यूच्या आदल्या वर्षी, गांडुळांवर एक पुस्तक लिहिलं. सगळ्या जीवसृष्टीचा विचार केलेला माणूस शेवटी या प्राण्यापाशी येऊन बसला होता. जमिनीचा वरचा थर म्हणजे वर्षानुवर्षं गांडुळांच्या पोटातून गेलेली माती, हे त्याने धीराने मोजून दाखवलं.

आपल्याकडे श्री. अ. दाभोळकर गणित शिकवायचे, आणि पाल्यापाचोळ्यातून माती कशी घडते याचा हिशेब त्यांनी साध्या शेतकऱ्यांबरोबर, गच्चीवर भाजी पिकवणाऱ्यांबरोबर मांडला. त्यांच्या त्या गोतावळ्याचं नाव प्रयोग परिवार. घराघरांतली माणसं आपापल्या जागेत करून बघतात आणि एकमेकांना सांगतात, हीच त्याची रीत.

म्हणून मीही करून बघितलेलं सांगते. आच्छादन खोडाला भिडवू नका, दोन बोटं जागा सोडा. नाहीतर खोड कुजतं किंवा वाळवी लागते. झडीच्या दिवसांत थर पातळ करा, कारण ओल्या पाल्याखाली गोगलगायी दडतात. 2022 च्या खरिपात लातूर जिल्ह्यात त्यांनी सोयाबीनचे कोवळे कोंब खाऊन शेतकऱ्यांना किती रडवलं, ते आपण पाहिलंय. परसात त्यांचा उपाय सोपा आहे. संध्याकाळी एक ओलं गोणपाट वाफ्याशेजारी टाका, सकाळी उलटा, खाली जमलेल्या गोगलगायी चिमट्याने उचलून मिठाच्या पाण्यात टाका.

कोपरा आता परत ठेवा. लेकराच्या अंगावर पांघरूण सरकवतो, तसा.

तांब्या

एक तांब्या पाणी भरून समोर ठेवा. त्यात आभाळ दिसतं का बघा.

12 एप्रिल 2016 ला पहाटे लातूर स्टेशनात पाण्याची रेल्वे आली. मांजरा धरण आटलं होतं. कृष्णाकाठच्या मिरजेहून दहा वाघिणी निघाल्या होत्या, एकेकीत सुमारे पन्नास हजार लिटर, सगळं मिळून पाच लाख लिटर पाणी. सव्वातीनशे किलोमीटरहून जास्त वाट तुडवून ते आलं. त्या उन्हाळ्यात माहेरी गेले तेव्हा दारात पाहुण्याला पाणी देताना आईचा हात क्षणभर अडायचा, आणि त्या अडण्याची तिला लाज वाटायची. ज्याने तो उन्हाळा काढला, त्याला तांब्याकडे बघायला शिकवावं लागत नाही.

त्याच वर्षी आपल्या भागाला आणखी एक गोष्ट मिळाली, तिचा गाजावाजा कमी झाला. 30 सप्टेंबर 1993 च्या किल्लारीच्या भूकंपानंतर घरं पुन्हा उभी करताना लातूर-धाराशिवच्या गावांतल्या बायका एकत्र आल्या होत्या. प्रेमा गोपालन यांची स्वयं शिक्षण प्रयोग ही संस्था त्यांच्यासोबत होती. पुढे दुष्काळ पडत गेले तशा या बायकांनी घरच्या रानातला एक तुकडा मागून घेतला, कुणी अर्धा एकर, कुणी एकर. बाजारात जाणारं एकच पीक घेण्याऐवजी त्यांनी तिथे भाज्या, कडधान्यं, ज्वारी असं घरच्या ताटातलं पिकवलं, आणि रासायनिक खतं-औषधं न घालता. 2016 साली संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाने या कामाला इक्वेटर पुरस्कार दिला. एकीकडे रेल्वेने पाणी येत होतं, आणि दुसरीकडे बायका कमी पाण्यात ताट कसं भरतं ते दाखवत होत्या.

आता आपल्या मोरीकडे वळू. तांदूळ धुतलेलं पाणी, डाळ धुतलेलं, भाजी धुतलेलं, फिल्टरमधून वाया जाणारं. दिवसाकाठी बादलीभर तरी होतं, आणि माझ्या वाफ्याला त्याहून जास्त लागत नाही. साबणाचं पाणी मात्र मी भाजीला घालत नाही. साबण-सोड्यातलं सोडियम काळ्या मातीत साठलं की ती आवळते, घट्ट होते, आणि मग वाफसा येत नाही.

उन्हाळ्यासाठी कुंभाराकडून एक साधा माठ आणा, न रंगवलेला, पाच-सात लिटरचा. तो वाफ्याच्या मधोमध गळ्यापर्यंत पुरा, पाण्याने भरा, वर झाकणी ठेवा. भोवती वांगी, मिरची, एखादा दोडक्याचा वेल लावा. चीनमधल्या दोन हजार वर्षांपूर्वीच्या एका शेतीग्रंथातही ही रीत सांगितली आहे. भाजलेल्या मातीच्या बारीक छिद्रांतून पाणी झिरपतं, आणि बाहेरची माती जेवढी कोरडी तेवढं ती ते ओढून घेते. माती ओली असली की माठ आपला हात आवरतो.

यावर थोडा वेळ बसा. मागितलं तेवढंच द्यायचं, आणि मागितल्यावर द्यायचं. आपण माणसांना किती वेळा पाट सोडतो! सल्ल्याचा, काळजीचा, रागाचा. माठ होऊन कुणाच्या शेजारी नुसतं भरलेलं राहता येईल का?

बी

उजव्या हाताच्या तळव्यावर एक बी ठेवल्याची कल्पना करा. भेंडीचं घ्या. गोल, राखी-हिरवं, मोहरीहून मोठं. रात्रभर पाण्यात भिजवलं की सकाळी ते फुगतं. किती खोल लावायचं याचं माप त्याच्याजवळच असतं, स्वतःच्या जाडीच्या दुप्पट-तिप्पट. त्याहून खोल घातलं तर बाहेर येता येता त्याची ताकद संपते.

काय लावायचं, ते ऋतूला विचारा. मृगात भेंडी, गवार, चवळी, दोडका, कारलं, आंबाडी. दसऱ्यानंतर मेथी, पालक, शेपू, चुका, चाकवत, करडईची कोवळी भाजी. उन्हाळ्यात तांदुळजा आणि घोळ. ही दोघं तर न लावताही येतात, आपण त्यांना तण म्हणून उपटलं नाही म्हणजे झालं. कुंपणाशी एक शेवगा आणि एक कढीपत्ता एकदाच लावायचे. जे इथल्या उन्हाला सरावलेलं आहे, त्याच्या मागे धावावं लागत नाही.

सुरुवातीला फार लावू नका. पहिल्या वर्षी तीनच भाज्या, आणि त्याही घरात आवडणाऱ्या. चार फुटांच्या वाफ्याने बाजार बंद होत नाही. आठवड्यातून दोन-तीनदा पातेलं आपल्या परसातलं असतं, एवढंच. पण ते पातेलं चुलीवर चढतं तेव्हा घरातलं लहान पोरही सांगतं की हा दोडका कुठल्या बाजूला लागला होता.

वेलावरचा पहिला चांगला दोडका मी तोडत नाही. तो तिथेच वाळतो, हलका होतो, आणि एके दिवशी हलवला की खुळखुळतो. आत जाळी आणि काळं बी. जाळी अंग घासायला, बी राख लावून डब्यात. अकोले तालुक्यातल्या राहीबाई पोपेरे यांनी अशी राखलेली गावठी वाणं गावोगाव पोचवली आणि त्यांना पद्मश्री मिळाली. त्यांची सुरुवातही परसातून, गाडग्या-मडक्यांतून झाली.

मार्गशीर्ष अमावास्येला, येळवशीला, माहेरी रानात जेवण असतं. कडब्याच्या कोपीत पांडवांची पूजा झाली की पानावर भज्जी येते. तुरीचे, हरभऱ्याचे, वाटाण्याचे हिरवे दाणे, वालाच्या शेंगा आणि मिळतील त्या भाज्या, सगळं एकत्र शिजलेलं. सोबत आंबील. मी दर वर्षी माझ्या वाफ्यातल्या ओंजळभर वालाच्या शेंगा घेऊन जाते. त्या मोठ्या पातेल्यात त्या कुठे जातात ते दिसतही नाही. तरी आई दर वर्षी विचारते, "नांदेडच्या शेंगा आणल्यास का?"

थांबा. तुमच्या ओंजळीतलं काय त्या पातेल्यात जाईल, याचा विचार करा. ते दिसलं नाही तरी चालेल.

पान

आता एक पान उलटून बघा. चवळीचं असेल तर बहुधा शेंड्याला काळा मावा दिसेल. पहिली उबळ येते औषधाची. ती येऊ द्या आणि जाऊ द्या.

तीन दिवस नुसतं बघा. मुंग्या येतात, माव्याचा गोड चिकटा खातात आणि त्याला राखतात. मग लाल पाठीचा, काळ्या ठिपक्यांचा ढालकिडा येतो. त्याची अळी काळी, लांबट, मगरीच्या पिलासारखी दिसते. पुष्कळ जण तिलाच कीड समजून मारतात. ती एकटी दिवसभर मावा फस्त करत सुटते. आपण फवारलं असतं तर मावा गेला असता आणि ती उपाशी गेली असती.

तीन दिवसांत ती आली नाही, तर बोटाच्या चिमटीने शेंडा पुसून घ्या. तेवढ्यानेही भागलं नाही तर निंबोळी. आषाढात झाडाखाली पडलेल्या निंबोळ्या वेचून वाळवलेल्या असाव्यात. पन्नास ग्रॅम कुटून लिटरभर पाण्यात रात्रभर भिजवायच्या, सकाळी फडक्यातून गाळून, उन्हं कलल्यावर शिंपडायच्या.

कमी कष्टांची बाग म्हणजे सोडून दिलेली बाग, असा अर्थ मात्र घेऊ नका. जपानच्या मासानोबू फुकुओका यांनी नांगरणी, खतं, खुरपणी, औषधं यांवाचून शेती करून दाखवली. ‘वन स्ट्रॉ रिव्होल्यूशन’ हे त्यांचं पुस्तक 1975 मध्ये जपानीत आलं आणि पुढे जगभर गेलं. त्याच पुस्तकात त्यांनी स्वतःची चूकही मोकळेपणाने सांगितली आहे. तरुणपणी त्यांनी वडिलांची संत्र्याची बाग निसर्गाच्या भरवशावर सोडून दिली. आधी छाटलेली झाडं होती ती; त्यांच्या फांद्या एकमेकींत गुंतल्या, कीड पडली, झाडं वाळली. हात काढून घेणं आणि हात राखून ठेवणं, यातला फरक त्यांना त्या बागेने शिकवला.

मी रोज वाफ्याशी दहा मिनिटं असते. त्यातली आठ बघण्यात जातात. कुठलं पान पिवळं पडलं, कुठे फूल धरलं, माठ किती उतरला, आच्छादन कुठे उघडं पडलं. उरलेल्या दोन मिनिटांत हात चालतो. पूर्वी हे उलटं होतं. हात सारखा चालायचा आणि नजर कुठेच नसायची.

उद्या

शेवटचं. ऊन आता वाफ्याच्या कडेला आलं असेल.

आत्याबाईंना अलीकडे नीट दिसत नाही. गुडघ्यांमुळे खाली बसता येत नाही. सकाळी त्या मागच्या दारात खुर्चीवर बसतात, आणि पाऊस पडून गेला की त्यांचा एकच प्रश्न असतो. "वाफसा हाय का?"

मी सांगत नाही. आच्छादन बाजूला सारून चार बोटं खालची माती मूठभर उचलते आणि त्यांच्या तळहातावर ठेवते. त्या मूठ मिटतात. तोंड थोडं वर करतात, लांबून कुणाची हाक ऐकावी तसं. अंगठा मातीवरून हळूहळू फिरतो. पन्नास पावसाळ्यांचा तो अंगठा आहे. त्याला डोळ्यांची गरज नाही.

परवा पाऊस झाला. काल सकाळी मी गवारीचं बी भिजवून तयार ठेवलं होतं, खुरपं काढून ठेवलं होतं, रविवार होता, हाताशी वेळ होता. त्यांनी मूठ दाबली, उघडली. गोळा तसाच राहिला.

"आजूक वल हाय माय," त्या म्हणाल्या. "उद्या बघू."

मी ती माती त्यांच्या हातातून घेतली, वाफ्यात परत ठेवली, वरून पाला सारखा केला. भिजलेलं बी ओल्या फडक्यात बांधून ठेवलं. मग दोघी तिथेच बसून राहिलो. दोडक्याचं पिवळं फूल मिटायला लागेपर्यंत.

तुमच्या हातातली मूठही आता परत ठेवा. वरून झाका. आणि उठायच्या आधी, अजून थोडा वेळ, बसा.